वीज क्षेत्रातली तांत्रिक नोकरी: छाननीत टिकायचं तर काय करावे, काय टाळावे

पारोळा, अमळनेर, एरंडोल या पट्ट्यात वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा ट्रेड केलेल्या, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्या मुलामुलींची कमतरता नाही. कामाचीही नाही. पूर्वेला भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे. तिथे 500 मेगावॉटचे दोन संच आहेत आणि आता 660 मेगावॉटचा सुपरक्रिटिकल संचही आहे. पश्चिमेला साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून आहे, आणि त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. धुळ्याजवळ 765 केव्हीचं उपकेंद्र आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत महावितरणच्या उपकेंद्रांच्या आसपास छोटे सौर प्रकल्प येत आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली तेव्हापासून घरांच्या गच्चीवरचं कामही वाढलं आहे.

तरीही शेकडो अर्ज पहिल्या फेरीतच बाजूला पडतात. त्यातले बरेच अर्ज हुशार मुलांचे असतात. कारण छाननी करणारा माणूस, मग तो सरकारी कंपनीतला असो, ठेकेदाराचा असो की पुण्या-मुंबईच्या कन्सल्टन्सीतला असो, दोन प्रश्नांची उत्तरं शोधत असतो. पहिला प्रश्न: या माणसानं कागदावर लिहिलेलं खरं ठरेल का? दुसरा: हा माणूस चालू लाइनजवळ स्वतःला आणि दुसऱ्याला सांभाळेल का? बाकीचं सगळं त्यानंतर येतं. पुढची यादी याच दोन प्रश्नांना धरून केली आहे.

1. जाहिरात वाचताना

*काय करावे*

- पूर्ण जाहिरात वाचा, शेवटच्या पानावरच्या टिपांसकट. अर्ज बाद होण्याची कारणं बहुतेक वेळा तिथेच लिहिलेली असतात.
- पात्रतेतले शब्द आपल्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळवून पाहा. 'वीजतंत्री किंवा तारतंत्री, दोन वर्षांचा अभ्यासक्रम' असं लिहिलं असेल तर एक वर्षाचा जवळपासचा ट्रेड चालत नाही. प्रमाणपत्र राष्ट्रीय परिषदेचं हवं की राज्याचं चालेल, हेही तपासा.
- तीन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा: वय कोणत्या तारखेला मोजणार, पात्रता कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण हवी आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती.
- पदाचं स्वरूप समजून घ्या. महावितरणनं डिसेंबर 2023 मध्ये विद्युत सहाय्यकांच्या 5,347 जागांची जाहिरात काढली, तेव्हा पहिली तीन वर्षं कंत्राटी होती आणि मानधन पहिल्या वर्षी 15,000, दुसऱ्या वर्षी 16,000 आणि तिसऱ्या वर्षी 17,000 रुपये होतं. हे घरच्यांना आधी सांगितलं की नंतर गैरसमज होत नाहीत.
- इंजिनीअर असाल तर कोणती कंपनी गेटचे गुण पाहते आणि कोणती स्वतःची परीक्षा घेते, हे आधी वेगळं करा. गेटचा गुणांक तीन वर्षं ग्राह्य असतो, पण बऱ्याच सार्वजनिक कंपन्या जाहिरातीत ठरावीक वर्षाचाच गुणांक मागतात.

*काय टाळावे*

- व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रावरून अर्ज करू नका. मूळ जाहिरात कंपनीच्या संकेतस्थळावर असेल तरच ती खरी माना.
- 'बघू, चालून जाईल' म्हणून अपात्र असताना फी भरू नका. ऑनलाइन अर्ज तुम्हाला अडवत नाही, कागदपत्रांची पडताळणी अडवते. तोवर सहा महिने गेलेले असतात.
- शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. सर्व्हर बसला, फी कापली गेली आणि अर्ज पोचला नाही, असं झालं तर दाद मागायला वेळ उरत नाही.

2. कागदपत्रं

*काय करावे*

- दहावीची गुणपत्रिका हा पाया धरा. आधार, पॅन, आयटीआयचं प्रमाणपत्र, बँक पासबुक या सगळ्यांवर तेच नाव, तेच स्पेलिंग आणि तीच जन्मतारीख हवी. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचं नाव गायब असतं. ही दुरुस्ती भरती येण्याआधी करून ठेवा.
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला फाइलला लावून ठेवा.
- आरक्षणाचा लाभ घेणार असाल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेयर यांच्या तारखा तपासा. नॉन-क्रिमीलेयरची मुदत संपलेली असणं हे बाद होण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.
- घरची जमीन एखाद्या प्रकल्पात गेली असेल तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला कोणाच्या नावावर आहे, तो आधी कोणी वापरला आहे का, हे कुटुंबात बसून ठरवा.
- सगळी कागदपत्रं एकदा नीट स्कॅन करा, प्रत्येक फाइलला नाव द्या ('दहावी_गुणपत्रिका', 'आयटीआय_चौथे_सत्र') आणि मोबाइलबरोबरच ईमेलमध्येही ठेवा.

*काय टाळावे*

- सायबर कॅफेवाल्याचा ईमेल आणि मोबाइल नंबर अर्जात टाकू नका. प्रवेशपत्र, निकाल, पडताळणीची तारीख, सगळं त्याच पत्त्यावर जातं.
- फोटो, सही आणि अंगठ्याचा ठसा घाईत अपलोड करू नका. अंधुक सही किंवा टोपी-गॉगलवाला फोटो हे अर्ज नाकारायला पुरेसं कारण असतं.
- 'काढायला टाकलंय' या भरवशावर राहू नका. पडताळणीच्या टेबलावर पावती नाही, प्रमाणपत्र बघतात.

3. बायोडाटा

खासगी कंपनीत आणि कन्सल्टन्सीत बायोडाटा आधी संगणक वाचतो. त्यानंतर एखादा माणूस त्यावरून भराभर नजर फिरवतो. दोघंही एकच गोष्ट शोधतात: जाहिरातीत मागितलेलं काम तुमच्या कागदावर दिसतं का?

हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचा. दोन्ही एकाच मुलाचे असू शकतात.

पहिला: 'मी मेहनती, प्रामाणिक आणि जबाबदार असून टीममध्ये काम करण्याची माझी तयारी आहे. मला इलेक्ट्रिकल कामाचा उत्तम अनुभव आहे.'

दुसरा: 'वीजतंत्री, आयटीआय, दोन वर्षं. 33/11 केव्ही उपकेंद्रात 12 महिने शिकाऊ उमेदवार. रोजचं लॉगशीट भरलं, व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरच्या देखभालीत मदत केली, 100 केव्हीए रोहित्रांचं मेगरनं इन्सुलेशन तपासलं, अर्थ टेस्टरनं अर्थिंगचा रोध मोजला. परमिटशिवाय काम केलेलं नाही. दुचाकी परवाना आहे, साक्री-धुळे भागात राहायची तयारी आहे.'

पहिल्यात एकही तपासता येईल अशी गोष्ट नाही. दुसऱ्यात प्रत्येक वाक्यावर प्रश्न विचारता येतो, म्हणून तोच मुलगा मुलाखतीला बोलावला जातो.

*काय करावे*

- व्होल्टेजची पातळी लिहा: एलटी, 11 केव्ही, 33 केव्ही, 132 केव्ही. वीज क्षेत्रात हीच पहिली ओळख असते.
- यंत्राचं नाव, क्षमता आणि त्यावर तुम्ही नेमकं काय केलं, या क्रमानं लिहा. 'पाहिलं', 'मदत केली' आणि 'स्वतः केलं' हे तीन वेगळे शब्द प्रामाणिकपणे वापरा.
- परवाने वर, ठळक ठेवा. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना किंवा पर्यवेक्षक प्रमाणपत्र असेल, साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पासाठी बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र असेल, तर ते दुसऱ्या पानावर दडवू नका.
- सौर कामासाठी राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या 'सूर्यमित्र' प्रशिक्षणासारखं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असेल तर वर्ष आणि केंद्र लिहा.
- जाहिरातीतलेच शब्द वापरा. जाहिरात 'ऑपरेशन अँड मेंटेनन्स' म्हणत असेल तर तुम्हीही तेच लिहा. संगणक समानार्थी शब्द शोधत बसत नाही.
- एक पान पुरे. दहा वर्षांचा अनुभव असेल तर दोन. साधी पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव आणि ट्रेड.

*काय टाळावे*

- दुसऱ्याचा बायोडाटा नाव बदलून पाठवू नका. एकाच वर्गातल्या अनेक मुलांची तीच तीन वाक्यं आली की सगळेच बाजूला पडतात.
- रंगीत चौकटी, स्टारनं दाखवलेली कौशल्यं, दोन रकाने टाळा. संगणकाला ते नीट वाचता येत नाही.
- धर्म, पूर्वीचा पगार, आईवडिलांचा व्यवसाय, छंद म्हणून 'क्रिकेट पाहणे', यांना जागा देऊ नका. ती जागा कामाला द्या.

4. अनुभव सिद्ध करताना

आपल्याकडे पुष्कळ मुलं ठेकेदाराकडे दोन-तीन वर्षं खपतात आणि हातात एक कागद नसतो. सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, आणि ते टाळता येतं.

*काय करावे*

- कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मागा आणि मोबाइलवर चालू करून घ्या. त्यात तुमच्या नोकऱ्यांच्या रुजू आणि सोडल्याच्या तारखा दिसतात. खासगी कंपन्या पार्श्वभूमी तपासताना सर्वांत आधी तिथेच पाहतात.
- गेटपास, सुरक्षा प्रशिक्षणाचं कार्ड, पगाराच्या पावत्या, ईएसआयसी क्रमांक यांचे फोटो जपून ठेवा. पूर्ण पत्र मिळालं नाही तरी हे पुरावे बोलतात.
- काम सोडताना अनुभवपत्र मागा: पद, कालावधी, कामाचं ठिकाण, व्होल्टेज पातळी. लाजू नका, तो तुमचा हक्काचा कागद आहे.
- शिकाऊ उमेदवारी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवूनच करा. नोंद असेल तर प्रमाणपत्र मिळतं आणि सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत त्याला वजन असतं.
- राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत काम केलं असेल तर तेही लिहा, पण 'प्रशिक्षण' म्हणून लिहा, 'नोकरी' म्हणून नाही.

*काय टाळावे*

- अनुभव फुगवू नका. कागदावर तीन वर्षं आणि यूएएनवर चौदा महिने दिसले, तर प्रश्न ज्ञानाचा राहत नाही, चारित्र्याचा होतो. त्या कंपनीचा दरवाजा मग बराच काळ बंद राहतो.
- पैसे देऊन अनुभवपत्र विकत घेऊ नका. मुलाखत घेणारा माणूस आयुष्यभर याच क्षेत्रात वावरलेला असतो. 'त्या उपकेंद्रात इनकमर किती होते?' या एका प्रश्नात ते पत्र कोसळतं.
- मधली रिकामी वर्षं लपवू नका. शेतीत होतो, घरी आजारपण होतं, परीक्षेची तयारी करत होतो, असं सरळ सांगा. पोकळी सगळ्यांना समजते, खोटं कोणालाच खपत नाही.

5. ऑनलाइन परीक्षा

*काय करावे*

- अभ्यासाचा वेळ गुणांच्या प्रमाणात वाटा. विद्युत सहाय्यकांच्या त्या भरतीत 130 प्रश्न आणि 150 गुण होते. त्यातले व्यावसायिक ज्ञानाचे प्रश्न फक्त 50, पण त्यांना गुण 110. उरलेल्या 80 प्रश्नांना मिळून 40 गुण. वर्षभर केवळ बुद्धिमत्तेची पुस्तकं घोकणाऱ्याचं गणित इथे चुकतं. पुढच्या जाहिरातीत रचना बदलली असेल तर नवी रचना आधी पाहा.
- आयटीआयची ट्रेड थिअरी पुन्हा हातात घ्या: ओहमचा नियम, अर्थिंगचे प्रकार, थ्री-फेज जोडणी, मोटर स्टार्टर, रोहित्र, मोजमापाची यंत्रं, सुरक्षा.
- साधी गणितं तोंडपाठ नको, हातात हवीत. 100 केव्हीए, 11 केव्ही/433 व्होल्ट रोहित्राचा एलटी बाजूचा पूर्ण भाराचा प्रवाह किती? साधारण 133 अँपिअर. एचटी बाजूला सव्वापाच अँपिअर. हे ज्याला काढता येतं त्याला फ्यूजचा प्रश्नही सोडवता येतो.
- चुकीच्या उत्तराला गुण कापतात की नाही ते आधी पाहा आणि त्याप्रमाणे प्रश्न सोडा.
- केंद्र जळगाव, धुळे किंवा नाशिकला आलं तर शक्य असेल तेव्हा आदल्या दिवशी पोचा. सकाळच्या पहिल्या एसटीच्या भरवशावर वर्षभराची मेहनत लावू नका.

*काय टाळावे*

- 'सेटिंग आहे' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. गैरप्रकारात नाव आलं की परीक्षा तर जातेच, पुढच्या परीक्षांनाही बसता येत नाही.
- मराठीचा भाग सोपा समजून सोडू नका. शेवटी एका-दोन गुणांवरच यादी हलते.

6. फोन आणि मुलाखत

खासगी भरतीत पहिली मुलाखत फोनवरच होते, आणि ती चालू आहे हे बऱ्याच मुलांना कळतही नाही.

*काय करावे*

- फोन आला की कंपनीचं नाव, पद, कामाची जागा आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या. गाडीवर किंवा शेतात असाल तर 'साहेब, दहा मिनिटांत मी फोन करतो' असं सांगा आणि खरोखर दहा मिनिटांत करा.
- तीन उत्तरं तयार ठेवा: आत्ता काय करता, कधी रुजू होऊ शकता, बाहेरगावी शिफ्टमध्ये राहाल का. तिन्हींची उत्तरं घरच्यांशी बोलूनच ठरवा.
- मराठीत विचार करा, साध्या हिंदीत किंवा इंग्रजीत सांगा. अहिराणी बोलीची लाज बाळगू नका. मुलाखत घेणाऱ्याला तुमचे उच्चार नाही, तुमचं काम ऐकायचं असतं. यंत्राची नावं मात्र इंग्रजीत बरोबर म्हणता यायला हवीत.
- जिथे जाताय त्या प्रकल्पाची माहिती काढा. दीपनगरला जाणार असाल तर सुपरक्रिटिकल म्हणजे काय हे सांगता आलं पाहिजे: दाब साधारण 221 बारच्या वर गेला की पाण्याची आणि वाफेची वेगळी अवस्था राहत नाही, म्हणून त्या बॉयलरला ड्रम नसतो.
- सौर प्रकल्पाला जाणार असाल तर एक प्रश्न नक्की तयार ठेवा: जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं की कमी होतं? वाढतं. म्हणूनच स्ट्रिंगमधली पॅनलची संख्या ठरवताना सर्वांत थंड सकाळ धरतात. खानदेशाच्या थंडीत आणि मे महिन्याच्या उन्हात हा फरक मीटरवर स्पष्ट दिसतो.
- येत नसेल तर 'हे मी केलेलं नाही, पण शिकेन' असं सांगा. वीज क्षेत्रात हे उत्तर कमकुवत मानत नाहीत.

*काय टाळावे*

- अंदाजानं उत्तर देऊ नका. 11 केव्हीच्या जवळ अंदाज करणारा माणूस कोणालाच नको असतो, आणि त्याची परीक्षा टेबलावरच घेतात.
- आधीच्या ठेकेदाराची बदनामी करू नका. पगार थकला असेल तर 'पगार नियमित नव्हता' एवढंच पुरे.
- 'पगार किती?' हा पहिला प्रश्न करू नका, पण शेवटी नक्की विचारा: हातात किती, पीएफ कापतात का, राहायची सोय आहे का, अपघात विमा आहे का. हे विचारणं उद्धटपणा नाही.

7. ट्रेड टेस्ट

इथे हात बघतात, आणि हाताच्याही आधी क्रम बघतात. समजा, परीक्षकानं विचारलं: 'डीपीवरचा फ्यूज गेलाय. काय कराल?'

'फ्यूज बदलतो' म्हणणारा तिथेच थांबतो. ज्याला पुढे बोलावतात तो असं सांगतो: उपकेंद्राला कळवून परमिट घेईन. फीडर बंद झाल्याची खात्री करेन. एबी स्विच उघडून कुलूप लावीन. एलटी बाजूही तोडेन, कारण गावात कोणाचं जनरेटर, इन्व्हर्टर किंवा गच्चीवरचं सौर संयंत्र उलटा पुरवठा करू शकतं. व्होल्टेज डिटेक्टरनं तपासेन. डिस्चार्ज रॉडची वायर आधी जमिनीच्या अर्थिंगला जोडेन, मगच रॉड लाइनला लावीन. हेल्मेट, हातमोजे, सेफ्टी बेल्ट घालूनच चढेन. फ्यूज का गेला ते पाहीन, मग योग्य क्षमतेचाच फ्यूज टाकेन. उतरल्यावर माणसं आणि हत्यारं मोजेन, रॉड आधी लाइनवरून काढेन, मग जमिनीवरून, आणि परमिट परत करेन.

हे उत्तर पाठ करून येत नाही. रोज तसंच काम केलेल्या माणसाच्या तोंडून ते आपोआप येतं.

*काय करावे*

- काम सुरू करण्याआधी पुरवठा बंद आहे का, हे परीक्षकाला मोठ्यानं विचारा. टेस्टच्या बोर्डावर वीज नसली तरी विचारा.
- मीटरची रेंज लावून मगच प्रोब टेकवा.
- सौर कामात आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, मगच एमसी-4 कनेक्टर. भारावर असताना तो ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही.
- जागा आवरून उठा. परीक्षक हे लिहून घेतात.

*काय टाळावे*

- अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, चपला घालून जाऊ नका.
- जाड तार टाकून फ्यूज बांधण्याचं 'गावठी' कसब दाखवू नका. शेतात त्यानं वेळ भागते, पण टेस्टमध्ये त्या एका कृतीवर नापास करतात, आणि बरोबरच करतात.
- वेगाची शर्यत लावू नका.

8. वैद्यकीय तपासणी

*काय करावे*

- ट्रेड निवडण्याआधीच रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या. रंगांधत्व असेल तर बहुतेक वीज कंपन्या लाइनच्या आणि पॅनेलच्या कामाला घेत नाहीत, कारण लाल, पिवळी, निळी फेज रंगावरूनच ओळखतात. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर हे कळणं फार महागात पडतं.
- पवनचक्कीच्या कामाला जाणार असाल तर उंचीची भीती, चक्कर, रक्तदाब आणि वजन यांकडे लक्ष द्या. त्या क्षेत्रात जागतिक पवन संघटनेचं म्हणजे जीडब्ल्यूओचं मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण मागतात. त्याची मुदत दोन वर्षांची असते, म्हणून कंपनी खर्च करणार का हे विचारून मगच पैसे भरा.
- चष्मा असेल तर नव्या नंबरचा चष्मा घेऊन जा.

*काय टाळावे*

- फिट येणं, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया लपवू नका. खांबावर चढलेल्या माणसाला फिट आली तर जीव त्याचाच जातो.
- आदल्या रात्री जागरण, तंबाखू, दारू टाळा. रक्तदाब एका रात्रीत वर जातो.

9. आखातात जाताना

*काय करावे*

- एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, हे स्वतः तपासा. त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावतीनं.
- करार समजेल अशा भाषेत वाचून घ्या: पद, पगार, तास, जेवण, परतीचं तिकीट.

*काय टाळावे*

- पर्यटक व्हिसावर कामाला जाऊ नका. तिथे अपघात झाला तर कोणताच कागद तुमच्या बाजूनं बोलत नाही.
- पासपोर्टची मूळ प्रत पावतीशिवाय कोणाच्या हातात देऊ नका.

10. फसवणूक

*काय करावे*

- नियुक्तीपत्र आलं की कंपनीच्या संकेतस्थळावरची निवड यादी पाहा आणि जवळच्या मंडल कार्यालयात जाऊन विचारा.
- पैसे मागणारा फोन आला तर संभाषण जपून ठेवा आणि 1930 या सायबर मदतक्रमांकावर कळवा.

*काय टाळावे*

- परीक्षेच्या अधिकृत शुल्काशिवाय 'प्रशिक्षण ठेव', 'गणवेश', 'मेडिकल' या नावानं एक रुपयाही देऊ नका. महावितरण, महानिर्मिती, महापारेषण नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाहीत. कापसाचे आलेले पैसे किंवा जमीन गहाण ठेवून काढलेलं कर्ज अशा माणसाच्या हाती गेलं की घर वर्षानुवर्षं सावरत नाही.

11. भरती करणाऱ्यांसाठीही चार गोष्टी

*काय करावे*

- ट्रेड टेस्ट मराठीत समजावून सांगा. ज्याला काम येतं त्याला इंग्रजी सूचनेमुळे गमावू नका.
- जळगाव किंवा धुळ्याला एक फेरी घ्या. पारोळ्याच्या मुलाला पुण्यापर्यंतचा प्रवास म्हणजे दोन दिवसांची मजुरी.
- वायरमनचा ट्रेड केलेल्या मुलींना कामाची पूर्ण माहिती द्या: शिफ्ट, स्वच्छतागृह, राहण्याची सोय. सरकारी भरतीत 30 टक्के समांतर आरक्षण आहेच, खासगीत निर्णय तुमच्या हातात आहे.
- ज्याला नाकारलं त्याला कारण कळवा. एका ओळीच्या संदेशानं तो पुढच्या वेळी सुधारून येतो.

*काय टाळावे*

- ठेकेदाराकडे केलेलं काम केवळ लेटरहेड नाही म्हणून शून्य धरू नका. यूएएन पाहा, गेटपास पाहा, चार प्रश्न विचारा.
- परमिटशिवाय काम करायला नकार दिला म्हणून आधीच्या ठिकाणाहून काढलेल्या मुलाला डावलू नका. तुम्हाला हवा असलेला माणूस तोच आहे.

या आठवड्यात करायची कामं

1. दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून नाव जुळवा.
2. यूएएनमध्ये जाऊन नोकरीच्या तारखा पाहा. चुकीच्या असतील तर आधीच्या मालकाकडे दुरुस्ती मागा.
3. बायोडाट्यातून 'मेहनती, प्रामाणिक' काढा आणि त्या जागी व्होल्टेज, यंत्र आणि स्वतः केलेलं काम लिहा.
4. रंग ओळखण्याची आणि रक्तदाबाची तपासणी ग्रामीण रुग्णालयात करून घ्या.
5. महास्वयम् पोर्टलवर आणि अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा. जळगावच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचा पुढचा रोजगार मेळावा कधी आहे ते विचारा.
6. डीपीच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत, परमिट घेण्यापासून परमिट परत करण्यापर्यंत, एखाद्या अनुभवी जनमित्राला, म्हणजे महावितरणच्या लाइनमनला, म्हणून दाखवा आणि तो दुरुस्त करेल ते लिहून घ्या.

यातल्या एकाही कामाला ओळख लागत नाही, वशिला लागत नाही, आणि फारसे पैसेही लागत नाहीत. छाननीतले दोन प्रश्न खरेपणाचे आणि सुरक्षिततेचे आहेत. दोन्हींची उत्तरं पारोळ्यात बसून तयार करता येतात. जाहिरात निघण्याआधी ती तयार ठेवा.